तीट लावावी तेवढं ग्रीस

आत्या गेली तेव्हा तिच्या रायफलचा बोल्ट माझ्या हातात होता.

आज वर्ष झालं. हे असं उघड लिहू का, म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण नीट लिही, लोकांना भलतंच वाटेल."

तर नीट लिहिते. गोळी नव्हती. गोळ्या तेव्हा घरातच नव्हत्या. आत्याला आधीच पक्षाघात झाला होता, आणि ती गाझियाबादच्या आमच्या घरी बाल्कनीतल्या उन्हात खुर्चीवर बसली होती.

मी फक्त रायफल साफ करत होते.

विदुलाआत्या, बाबांची मोठी बहीण. केंद्र सरकारची नोकरी, लग्न नाही, आणि दर रविवारी रेंजवर नेमबाजी. मेडल्स थोडी, गप्पा भरपूर.

मी शाळेत असताना तिनेच मला शिकवलं. नेम धरायला नाही. साफसफाई.

"पहिलं काय?"

"रिकामी आहे का बघायचं."

"बघितलंस?"

"हो."

"आता परत बघ. बोट घालून बघ."

घरात सगळे मला वहमी म्हणायचे. गॅस बंद केला तरी परत बघायला जाते म्हणून. आत्या म्हणायची, "बिल्कुल बरोबर. बंदूक असल्याच माणसाच्या हातात द्यावी."

माझं एकच चुकायचं. काळजीपोटी मी तेल ओतायचे.

"अगं, भजी तळायचीत का त्यात? तेल दिसलं म्हणजे जास्त झालं. थंडीत घट्ट होतं, धूळ धरतं, आणि ऐन मॅचमध्ये बोल्ट रुसतो."

बोल्ट म्हणजे नळीच्या मागची सरकती दांडी, दाराच्या कडीसारखी. तिला दोन उंचवटे असतात. आत्या त्यांना कान म्हणायची. सगळं पुसून कोरडं करायचं, आणि कानांमागे ग्रीसचा एकच ठिपका.

"बाळाला तीट लावतो ना, तेवढाच. बाळाला माखायचं नाही, यार."

मग बोल्ट बसवून पुढे ढकलायचा आणि मूठ खाली करायची. आत्या डोळे मिटून ऐकायची. तिला आवाजावरून कळायचं.

बरोबर असेल तर "हं".

नसेल तर "ऊंहूं", आणि सगळं पहिल्यापासून.

पक्षाघातानंतर तिची वाचा गेली. हे दोनच उरले. चहा हवा? हं. टीव्ही लावू? ऊंहूं.

उजवा हातही गेला होता, म्हणून साफसफाई माझ्याकडे आली. तिच्यासमोरच, तिच्या पायाशी सतरंजी टाकून.

त्या दुपारी मी सगळं नीट केलं. बोल्ट ढकलला, मूठ खाली केली.

आत्या काही बोलली नाही.

डोळे मिटलेले. ऐकतेय असं वाटलं.

"आत्या, ठीक?"

काही नाही.

म्हणजे पसंत नाही. मी बोल्ट काढला, कानांमागचं ग्रीस पुसलं, नवा ठिपका लावला.

"आता?"

काही नाही.

मला रडूच यायला लागलं. वाटलं, रागावली. मी परत एकदा सगळं केलं.

आणि मग वर बघितलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, किती छान मरण. मला एकच विचारायचं होतं आणि कुणाला विचारता येत नव्हतं.

पहिल्या वेळी ती होती का?

वर्षभर तो आवाज येतोय. मेट्रोचं दार. ऑफिसचं लॉकर. शेजारच्या बाल्कनीची कडी.

दर वेळी मी थांबते. "हं" येईल म्हणून.

लायसन्स आत्याच्या नावावर होतं, त्यामुळे रायफल तेव्हापासून डीलरकडे जमा आहे. आज सकाळी पानिपतच्या एका नेमबाज बाईंचा फोन आला. त्यांना ती घ्यायची आहे.

"दीदी, बोल्ट कैसा चलता है? सच बताना, मुझे मैच खेलना है."

सच.

जिला खरं माहीत असतं ती काही न सांगता गेली. बाबा पेपर नुसताच धरून माझ्याकडे बघत होते.

मग मी आत्याला नाही, माझ्या हाताला विचारलं. पहिल्या वेळी मूठ खाली जाताना कुठे अडलं होतं का? नाही. तेल दिसत होतं का? नाही.

"साफ है," मी म्हटलं. "मैंने खुद किया है. दुकान की धूल लगी होगी, वो पोंछ लेना. तेल ज़्यादा मत डालना."

पलीकडे शांतता.



"हेलो? दीदी, आवाज़ कट गई थी. क्या बोला आपने?"

मी परत सांगितलं. एक शब्दही न बदलता.

"अच्छा. चलो, फिर ले लेती हूँ."

फोन ठेवला. बाबा चहा टाकायला उठले.

आत्या, तुझी रायफल पानिपतला जातेय. पहिल्या वेळी तू ऐकलंस की नाही, ते मला अजून माहीत नाही. कळणारही नाही.

पण ती साफ होती, गं.

तुला मनापासून नमस्कार.