आबांची आठ दिवसांची सुट्टी

कोल्हापुरात दोनच गोष्टींना कधी सुट्टी नसते, असं माझं ठाम मत आहे. एक पंचगंगा आणि दुसरे आमचे कट्ट्यावरचे आबा. त्यातली पंचगंगासुद्धा उन्हाळ्यात जरा दमानं घेते. आबा तेवढंही घेत नसत. शहर बंद असो, कुस्तीचं मैदान असो, स्वतःच्या अंगात सणसणून ताप असो, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पहाटे पाचला आणि दुपारी चारला आबा आपली म्हैस घेऊन हजर. एकुलत्या एका मुलाच्या लग्नात इकडे अक्षता पडल्या आणि तिकडे नवरदेवाचा बाप मांडवातून गायब! व्याही बिचारे मानाचा आहेर हातात घेऊन शोधतायत, आणि आबा नवाकोरा फेटा बांधून कट्ट्यावर धार काढत बसलेले. त्या दिवशी गिऱ्हाइकांना दुधाबरोबर बुंदीचा लाडूही मिळाला.

ज्यांना हा कट्ट्याचा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे म्हैस तुमच्यासमोर उभी असते. तुम्ही ग्लास पुढे करायचा, त्यात थेट धार पडते, फेस वर येतो आणि कोमट आहे तोवर उभ्याउभ्या पिऊन मिशी पुसायची. मी नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी बदलीवर कोल्हापूरला आलो. एकटा जीव, एक खोली, एक स्टोव्ह. सरकारी नोकर असल्यामुळे सुट्टी घेण्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कुणी नव्हता. किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा, सगळ्या मला तोंडपाठ. पण खरं सांगू? रजा घेऊन जायला मला कुठं ठिकाणच नव्हतं. रजा मंजूर करून घ्यायची, दिवसभर पंख्याखाली आढ्याकडे बघत पडायचं आणि चार वाजले की ग्लासभर दुधाच्या निमित्तानं कट्ट्यावर जाऊन दोन शब्द बोलून यायचं, ही माझी सुट्टी. दुधापेक्षा मला ते दोन शब्दच जास्त लागायचे.

आबांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. त्यांचा काळ धारेवर चालायचा. कुणी पत्ता विचारला तर "हितनं धारंच्या येळंला निगालासा तर अंधार पडायच्या आत पोचतासा, पावणं" असं सांगायचे, आणि धारेची वेळ कोणती हे साऱ्या जगाला माहीत असतं अशी त्यांची समजूत होती. खुर्चीवर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. दिवसभर वैरण, पेंड, शेण, पाणी, आणि उरल्या वेळात दावी वळणं. एकदा मी विचारलं, "आबा, तुम्ही दमत कसे नाही?" तर ते ग्लास भरता भरता म्हणाले, "दमायला सवड पायजे की, सायेब!"

त्यांच्या म्हशीचं नाव चंद्री. खांद्यामागे गेलेली लांबच लांब शिंगं आणि नाकावर कायमचा राग. चंद्री एका हाताची म्हैस होती, म्हणजे आबांखेरीज कुणी कासेला हात लावलेला तिला खपत नसे. मुलानं एकदा प्रयत्न केला तर तिनं चरवी रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात पाठवली. हे सांगताना आबा तक्रारीचा सूर लावायचे, पण डोळे हसत असायचे. "लई वंगाळ खोड बघा. माझ्याबिगर पान्हाच सोडत न्हाई. उद्या मी मेलो तर काय व्हायचं हिचं?" बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा कारखान्यात पाळीवर, सून भिडस्त. घरात आबांशिवाय कुणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते एकट्या चंद्रीचं. त्या एका आधारावर हा माणूस पहाटे उठत होता, हे मला कळायचं. मलाही तसलं एखादं जनावर असतं तर मीही एवढ्या रजा घेतल्या नसत्या.

मग आबांची बोटं बधिर व्हायला लागली. ग्लास हातातून निसटला तेव्हा मीच त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस हात बंद." आबा म्हणाले, "हात बंद म्हंजे? हात काय दुकान हाय व्हय?" डॉक्टरांनी दुसरा उपायच नाही म्हणून सांगितलं. आबांची धाकटी बहीण आजऱ्याला दिलेली, आणि चार दिवस राहायला या म्हणून ती वर्षानुवर्षं बोलावत होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आबा, चला. मी येतो बरोबर. सुट्टी कशी घ्यायची ते तुम्हाला शिकवतो."

प्रश्न चंद्रीचा. तिचं दूध कोण काढणार? सुनेचं माहेर पेठ वडगावकडचं, माहेरी जनावरं होती, ती तयार झाली. मग तिची शिकवणी सुरू झाली. आबांच्या अंगाचा वास यावा म्हणून तिनं साडीवरून त्यांचा न धुतलेला सदरा चढवला, डोक्याला त्यांचं मुंडासं गुंडाळलं. इथवर ठीक होतं. पण धारेला बसताना आबा चंद्रीला रोज एक शिवी द्यायचे, ती दिल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही असं त्यांचं म्हणणं. "म्हण, ए ढालगज भवाने, सोडतीस का जाऊ?" सून लाजून लालेलाल. "आबा, मी न्हाई बाई म्हणणार तसलं. तुमच्याम्होरं?" मी आणि आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बऱ्याच वेळानं मागून बारीक आवाज आला, "अहो भवानीबाई, सोडता का?" आबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरी, तिला अहो-जाहो केलंस तर तिला वाटंल पावणीच आलीया!"

आजऱ्याला आबांच्या बहिणीनं, म्हणजे साऱ्या गावाच्या अक्कांनी, आमचं भाताच्या आणि काजूच्या राशीनं स्वागत केलं. परसात काजूची झाडं, खाली नदी, वर निळं आभाळ. माझ्यासारख्या मुरलेल्या सुट्टीबहाद्दराला आणखी काय हवं? पण आबा पहाटे चारलाच उठून अंधारात बसलेले. पहिल्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याचा गोठा झाडला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या जनावरांना नवी दावी वळायला घेतली, तीही बधिर बोटांनी. शेवटी मी ओरडलो, "आबा, डॉक्टरांनी हात बंद सांगितलंय! मांडीखाली घालून बसा ते!" आणि गंमत बघा, ते खरंच बसले. साठी उलटलेला माणूस, काजूच्या झाडाखाली, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. अक्का सुनांना बोलावून दाखवत होत्या, "दादा बघा गं, दादा बसलाय!"

दुपारी चार वाजले की मात्र त्यांना धरून ठेवणं अवघड. तडक एसटीडी बूथ गाठायचे. फोन लागायचा कट्ट्यासमोरच्या त्या किराणा दुकानात. "दूध देती का?" पलीकडून दुकानदार सांगायचा, देते, सगळं झकास चाललंय. आबांचा विश्वास बसायचा नाही. "खोटं बोलतंय. माझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगतंय." मग ते दुकानदाराला रिसीव्हर रस्त्याकडे धरायला सांगायचे आणि इकडून अशी हाक मारायचे, "चंद्रेऽऽ!" की बूथवाला दचकून मीटरकडे बघायचा. मी म्हटलं, "आबा, अहो, तिला ऐकू कसं जाईल?" तर म्हणाले, "का न्हाई जायचं? रस्त्यापलीकडं तर हाय!"

पाचव्या दिवशी जेवणं झाली, झाडाखाली घोंगडं टाकलं आणि हात मांडीखालीच ठेवून आबा कलंडले. काजूच्या मोहोराचा वास सुटला होता. चार वाजले. मी श्वास रोखून बघत होतो. साडेचार झाले, पाच झाले. आबा घोरत होते. उठले तेव्हा ऊन नदीपलीकडे गेलं होतं. मला वाटलं, आता बूथकडे धावणार. पण ते बराच वेळ त्या उन्हाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "सायेब, दुपार अशी असती व्हय? चारच्या म्होरं ती कशी जाती ते मी कदी बघितलंच न्हवतं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पोराच्या आईला एकदा आणाय पायजे होतं हितं." पुढचे दिवस आबांनी अशी सुट्टी घेतली की माझीच विद्या मला तोकडी वाटायला लागली. नदीत पाय सोडून बसायचे, अक्कांशी लहानपणीच्या गोष्टी काढून खदाखदा हसायचे. फोन बंद. बोटांना मुंग्या यायच्या थांबल्या. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

आठव्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो आणि रिक्षा करून थेट कट्टा गाठला. सून धारेला बसलेली होती. तिच्या अंगावर सदरा नव्हता, डोक्याला मुंडासं नव्हतं आणि तोंडात शिवी तर नव्हतीच. ती आपल्या साध्या साडीत बसून काहीतरी गुणगुणत होती आणि चंद्री डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. चरवी गळ्यापर्यंत भरलेली. आबांना बघून सून हरखून उठली. "आबा, दुसऱ्या दिवसापास्नंच सदरा लागला न्हाई बघा! गुमान देती, लई गुणाची हाय!" गिऱ्हाइकं म्हणाली, "सुटलासा की आबा! आता फिरा निवांत." चंद्रीनं एकदा मान वळवून आबांकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. आबांच्या हातात काजूची पिशवी होती. "बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं." पिशवी सुनेकडे दिली आणि घराकडे चालू लागले. एवढा सावकाश चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मला माझ्याच शहाणपणाचा राग आला. खोलीवर आलो, कुलूप काढलं, आठ दिवसांची धूळ झटकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर शेजारच्या टेबलावरचे विचारतात, "काय हो, काल दिसला नाहीत?" म्हणजे मी आठ दिवस नव्हतो हे यांच्या गावीही नाही! मला त्याची सवय होती. पण आबांना ती सवय मी लावायला नको होती, असं राहून राहून वाटत होतं. दोन दिवस ते कट्ट्यावर फिरकले नाहीत. घरावरून गेलो तर उंबऱ्यावर बसलेले, हात मांडीखाली. "सुट्टी हाय की, सायेब," म्हणाले आणि हसले. ते हसणं मला बघवेना.

कट्ट्यावर सुनेनं मला हटकलं. "सायेब, आबा का येईनात झालेत? बोटं दुखत्यात व्हय?" मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, "बाई गं, ही म्हैस आपल्यावाचून अडते, एवढ्यावर तो माणूस उभा होता." ती ऐकत राहिली. मग ग्लास विसळायला लागली.

दुसऱ्या दिवशी चारला मी कट्ट्यावर पोचलो तर आबा अनवाणी, धावत येत होते. मागून सून. "बघा की आबा, अर्धं दिलं आन् आता दूध चोराय लागलीया, वर वडून धरतीया. माझं काय चालंना." आबा खाली बसले, चंद्रीच्या मांडीला डोकं टेकवलं आणि ती ऐतिहासिक शिवी हासडली. धार सुरू झाली. सून पेंड आणायला म्हणून घराकडे गेली. आबांचा हात मध्येच मंदावला. वर न बघता ते हळू आवाजात म्हणाले, "सायेब, चोरलेलं दूध असं येत न्हाई. ते आदी थेंब थेंब येतंय, मग एकदम. हे सरळ आलं. म्हस चोरत न्हवती. पोरीनं मुद्दाम ठेवलंया." मी विचारलं, "मग बोलू का तिला?" त्यांनी चटकन वर बघितलं. डोळे भरले होते. "खुळं का काय! गप बसा. ग्लास करा म्होरं."

त्यानंतर मी कोल्हापुरात होतो तोवर रोज चारला सून अर्धी धार काढायची आणि हाक मारायची, रोज आबा तणतणत यायचे, "एक काम धड हुईत न्हाई तुमास्नी!" म्हणत बसायचे. तिनं कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. आता मला रोजच सुट्टी आहे, मागायचीही गरज नाही. निवांत बसायला मला अजूनही उत्तम येतं. पण दुपारी चार वाजले, घरात सगळीकडे सामसूम झाली की वाटतं, आतून कुणीतरी हाक मारावी, "अहो, हे काही मला जमत नाही बघा, तुम्हीच या." खोटी मारली तरी चालेल.