फराळाच्या डब्यावरचा अर्ज

बाबांनी राजीनामा स्वतः लिहिला होता, रागाच्या भरात, चार ओळींचा. तो मागे घेणारं पत्र मी लिहिलं. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरातलं इंग्रजी सगळं माझ्याकडे असायचं. गॅसचा फॉर्म असो की बँकेचं पत्र, आई म्हणायची, "कॉन्व्हेंटला घातलंय ना, मग लिही."

बाबा हिंदी मुलखातल्या आमच्या शहराबाहेर, चिनहटच्या पुढे, एका सरकारी कंपनीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला त्यांच्यावर बसवलं, त्याच दिवशी त्यांनी 'नोव्हेंबरअखेर मला मोकळं करावं' असं लिहून दिलं. आठवडाभरात राग उतरला. आईचा उतरला नव्हता; ती त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि काही न बोलता आत जायची. शेवटी दिवाळीच्या आदल्या दिवशी बाबा माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "जरा नम्र भाषेत लिहून दे."

मी लिहिलं. राजीनामा मागे घेतो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. घरात ऑफिसचं लांब पाकीट नव्हतं. माझ्याकडे ग्रीटिंग कार्डांची दोन पिवळी पाकिटं उरली होती, त्यातलं एक दिलं.

हे पत्र ऑफिसात आवक कारकुनाकडे द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा, हे बाबांना माहीत होतं. पण कारखान्याला सुट्टी होती, आणि मॅनेजरसाहेबांकडे दरवर्षीप्रमाणे फराळ द्यायला जायचंच होतं. बाबांनी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात चकल्या आणि करंज्या भरल्या, सुतळी बांधली आणि सुतळीत पाकीट खोचलं. मला स्कूटरवर मागे बसवून नेलं, कारण खोका धरायला कोणीतरी हवं होतं.

साहेबांच्या घरी मी आत गेले नाही. आत गेलं की सोफ्यावर बसावं लागतं, काय शिकतेस ते सांगावं लागतं. मी गेटाशी स्कूटरजवळ उभी राहिले. बाबा व्हरांड्यात गेले. दार उघडलं आणि साहेबांचा आवाज आला, "अरे भाई साहब, इस तकल्लुफ़ की क्या ज़रूरत थी!" मग दार लागलं. पंधरा मिनिटांनी बाबा रिकाम्या हातानं बाहेर आले.

"क्या बोले?" मी विचारलं. मी तेव्हा घरात बहुतेक हिंदीतच बोलायचे.

"सणाच्या दिवशी कुणाच्या घरात बसून ऑफिसचं काय काढायचं! लिफाफा बघून घ्या म्हटलं. ज़रूर ज़रूर म्हणाले."

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी बाबांना राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मिळालं. मागे घेतल्याचं पत्र कोणाकडेच आलेलं नव्हतं. आवक रजिस्टरात नोंद नव्हती. साहेबांची तोवर मुख्य कार्यालयात बदली झाली होती, आणि त्यांना फोन करून विचारा असं आईनं दहा वेळा सांगूनही बाबांनी फोन केला नाही. "मोठ्या माणसाला खोट्यात पाडल्यासारखं होतं ते," म्हणाले.

हज़रतगंजच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आमचे वकील बसायचे. त्यांनी हायकोर्टात रिट दाखल केली. तिथे साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सगळं कागदावर. आम्ही शपथपत्र द्यायचं, कंपनीनं त्याला उत्तराचं द्यायचं, आम्ही त्यावर पुन्हा द्यायचं. न्यायाधीश ते वाचणार. मला ती पद्धत बरी वाटली. कोणाला कोणासमोर बोलावं लागत नव्हतं.

कंपनीचं उत्तर आठ महिन्यांनी आलं. कंपनीच्या विधी अधिकाऱ्यानं शपथेवर लिहिलं होतं की कार्यालयीन नोंदींनुसार असं कोणतंही पत्र प्राप्त झालेलं नाही. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बिटिया, आप साथ गई थीं न? बस, आपका हलफ़नामा लगा देते हैं. पत्र मेरे सामने दिया गया, और पिताजी ने कहा कि साहब, मैं इस्तीफ़ा वापस लेता हूँ."

"मैं गेट पर थी," मी म्हटलं.

"गेट से कितनी दूर है दरवाज़ा?"

"सुनाई नहीं दिया कि बाबा ने क्या कहा."

ते हसले. "हाईकोर्ट में सब लोग सब कुछ देखे होते हैं. एक आप ही निकलीं जो गेट पर खड़ी थीं!"

बाबा खुर्चीतून उठले. जिन्यावर आल्यावर म्हणाले, "मी तेच म्हणालो असतो ना आत? म्हणायचंच होतं मला. मग लिहायला काय हरकत आहे?"

घरी आईनं ऐकलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "बापाच्या नोकरीपेक्षा हिचं खरेपण मोठं! गेटाशी उभी कशाला राहिलीस? आत गेली असतीस तर दोन शब्द कानावर पडले असते."

हे खरंच होतं. आत न जाण्याचं कारण फक्त माझा संकोच होता, आणि त्याची किंमत बाबांना मोजावी लागत होती. तरीही मला न ऐकलेलं लिहिता आलं नाही. मी दोन दिवस कॉलेजच्या वहीत शपथपत्राचा मसुदा करत राहिले. जे दिसलं तेवढंच लिहिलं. मिठाईचा खोका, त्याच्या सुतळीत खोचलेलं पिवळं पाकीट, साहेबांचं ते वाक्य, लागलेलं दार, बाबांचे रिकामे हात. पाकिटात काय होतं ते मला माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं आणि बंद केलं होतं. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

"चकली-वकली किसने पूछी थी?" वकील म्हणाले. पण कागद टाइप करायला दिला.

कैसरबागेत कोर्टाच्या आवारात शपथ नोंदवणारे ओथ कमिशनर एका टेबलापाशी बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पढ़ लिया? सही है?" मी हो म्हटलं. त्यांनी शिक्के मारले. माझी त्या प्रकरणातली सगळी साक्ष एवढीच.

सुनावणी त्यानंतर सव्वा वर्षानं झाली. बाबा आणि मी मागच्या भिंतीशी उभे होतो. कंपनीचे वकील म्हणत होते की पत्र दिलं की नाही हा वस्तुस्थितीचा वाद आहे, रिटमध्ये तो ठरवता येत नाही, याचिका फेटाळावी. आमच्या वकिलांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा न्यायाधीशांनी हातानं थांबवलं. ते माझं शपथपत्र वाचत होते. मग त्यांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं, "हा विधी अधिकारी त्या दिवशी त्या घरात होता का?"

"नाही, माय लॉर्ड."

"मग जो होता त्याला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. कोणीच विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा. साहेबांनी स्वतःचं शपथपत्र तीन आठवड्यांत द्यावं, असा आदेश झाला.

ते तीन आठवडे आईनं देवापुढे काही मागितलं असेल तर मला माहीत नाही. बाबा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर्तमानपत्र वाचत बसायचे.

साहेबांचं शपथपत्र दीड पानाचं होतं. होय, याचिकाकर्ते घरी आले होते. खोका दिला. त्यासोबत पिवळं पाकीट होतं आणि ते पाहून घ्यावं असं त्यांनी म्हटलं होतं. दिवाळीचं शुभेच्छापत्र समजून आपण ते इतर कार्डांसोबत ठेवलं आणि उघडलं नाही. पुढे बदलीच्या सामानात त्याचं काय झालं, सांगता येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. पाकीट माझं होतं.

पुढच्या तारखेला निकाल तिथेच सांगितला गेला. न्यायाधीश स्टेनोला हळू आवाजात इंग्रजीत मजकूर सांगत होते, पंखा मोठ्यानं फिरत होता, आणि बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. राजीनामा नोव्हेंबरअखेरपासून लागू होणार होता. त्याआधी तो मागे घेणारं पत्र, तो मंजूर करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या हातात पोचलं होतं. अधिकाऱ्यानं पाकीट उघडलं नाही, या त्याच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर पडू शकत नाही. कामावर परत घ्यावं, सेवा अखंड धरावी, मधल्या काळाचा निम्मा पगार द्यावा. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील.

बाहेर व्हरांड्यात काळे कोट धक्के देत जात होते. बाबांनी माझा दंड धरून मला खांबामागे ओढलं.

"काय झालं?"

"परत घेतलंय. नोकरीत. सेवा अखंड."

 मग रुमाल काढून त्यांनी मान पुसली, नीट, कॉलरच्या आतून. आवाज खाली आणून म्हणाले, "जज काही बोलले नाहीत ना साहेबांना? मधेच त्यांचं नाव आलं तसं वाटलं मला."

"नाही," मी मराठीत म्हणाले. "काही नाही बोलले."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि वकिलांना शोधायला गर्दीत शिरले.