चप्पल काढ

"चप्पल काढ," नाना म्हणाले.

माझ्या पायात चप्पल होती. आईनं पारोळ्याच्या बाजारातून आणलेली, धडधाकट. पण नाना मोठे व्यापारी, शाळेत चपला वाटायला आलेले, आणि व्हिडिओत पोरगी अनवाणीच बरी दिसते. मी सहावीत. काढली. फरशी तव्यासारखी तापलेली. नानांनी वाकून नवी चप्पल घातली आणि मोबाइलकडे बघून माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, शाळा सांगितली. हिला बाप नाही, हेही सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी जुनी जोडी त्या गर्दीत गेली ती गेलीच.

व्हिडिओ गावभर फिरला, मग गावाबाहेर. थोड्याच दिवसांत स्टँडवर एका परक्या माणसानं मला नावानं हाक मारली. म्हणाला, बाप नाही ना तुला, चल, कपडे घेऊन देतो. मनगट धरलं. मी कडकडून चावले आणि पळाले.

आई कापूस वेचणं टाकून मला घेऊन शाळेत गेली. नाना तिथंच चहा पीत बसलेले. व्हिडिओ काढून टाका, एवढंच तिचं मागणं. मुख्याध्यापक सर म्हणाले, पोरीच्या हातात मोबाइल देता कशाला? आमच्या घरात एकच फोन, तोही बटणांचा! नाना म्हणाले, लोक बघतात म्हणून तर तुम्हाला मिळतं. उपकाराची जाण ठेवा.

आई आजवर कुणापुढं बोलली नव्हती. त्या दिवशी आमच्या घरच्या अहिराणीत बोलली.

"नाना, ती मनी पोर शे. तुमनी जाहिरात नही."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी नवी चप्पल काढली, नानांच्या कपाशेजारी टेबलावर ठेवली. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. घरापर्यंत पाय भाजले. भाजू दे.

यंदा मी अकरावीला. नाना पुन्हा शाळेत आले, दप्तरं घेऊन. मोबाइल वर झाला, समोर माझी धाकटी बहीण. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"दप्तर द्यायचं तर द्या. पोरींची तोंडं मिळणार नाहीत."

नानांनी सगळी दप्तरं परत गाडीत भरली. पोरी माझ्यावर चिडल्या, बहीण रडली, दोन दिवस बोलली नाही. तिची पुस्तकं अजून खताच्या पिशवीत जातात. जाऊ देत. माझा व्हिडिओ अजून तिथंच आहे, नाव, गाव, सगळ्यासकट. तिचा व्हिडिओ मी होऊ देणार नाही. पुन्हा मोबाइल वर झाला, तर पुन्हा मध्ये मीच उभी असेन.