मोठ्याचं बघायचंय

एका घरात दोन सॉफ्टवेअरवाले राहिले की किस्से साठवावे लागत नाहीत. ड्रॉवरमध्ये टेकअवेच्या सॉसच्या पुड्या साठतात, तसे ते आपसूक साठतात. ब्रिस्टलच्या आमच्या घरात मी नागपूरचा आणि समीर पुण्याचा. निम्मे किस्से त्याने केलेले, उरलेले त्याने मला करायला लावलेले!

*

समीरला टू-डू लिस्टच्या वेबसाइट्सचं व्यसन. सोमवारी नवी सापडते, मंगळवारी तिच्यात अख्खं आयुष्य भरतो, गुरुवारी पासवर्ड विसरतो. मग त्या टाकून दिलेल्या साइट्स त्याला मेल पाठवत बसतात, 'समीर, वी मिस यू.' तो वैतागला की मी म्हणतो, कुणाला तरी तुझी आठवण येते ना, मग झालं तर.

*

चॅरिटी शॉपमधून स्लो कुकर आणला. सकाळी बीफ, बटाटे, गाजरं, कांदा टाकायचा आणि ऑफिसला पळायचं. संध्याकाळी आयता स्ट्यू!

पहिल्या दिवशी दोघं हात धुऊन बसलो. झाकण काढलं तर गार पाण्यात कच्चं मांस. सॉकेटचं बटणच दाबलेलं नाही. मी समीरकडे बघितलं.

"पण मी टास्क डन मार्क केला होता," तो म्हणाला.

*

समीरच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या तव्यावर. बीफचं कळलं तर आई बोलणं टाकेल, ही त्याची खरी भीती. आणि व्हिडिओ कॉलवर काकूंना फ्रिजला चिकटवलेला टू-डू लिस्टचा टॅब स्पष्ट दिसायचा. त्यावर 'बीफ' कसं लिहिणार?

मी म्हटलं, आमच्याकडे 'मोठ्याचं' म्हणतात, तेच लिही. साहेबांनी दर रविवारचं रिमाइंडर लावलं, 'समीर, मोठ्याचं बघायचंय.' पुढच्या गुरुवारी ती साइट विसरली गेली. रिमाइंडर मात्र इमानदार, दर रविवारी वाजायचं.

*

मग काकू स्वतःच आल्या. स्लो कुकर रातोरात माझ्या खोलीत. रविवारी तिथेच कपाटाआड स्ट्यू शिजायचा आणि सोमवारी ऑफिसात माझा स्वेटर सगळ्यांना भूक लावायचा.

पहिल्याच रविवारी काकू पोहे परतत होत्या आणि टॅब वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. समीर हा मोठा मुलगा. धाकट्याचं लग्न होऊन गेलेलं, हा मात्र विषय काढला की फोन ठेवायचा. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"अरे, तोंडाने सांगायला लाज वाटली होय रे?"

आता खरं सांगावं तर बीफ, खोटं सांगावं तर बोहला. समीरने माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे बघितलं.

"हो आई, बघ," तो म्हणाला.

*

संध्याकाळपर्यंत बायोडेटांचा पाऊस सुरू झाला. समीर रडकुंडीला येऊन जुन्या साइट्स उघडत होता. हे रिमाइंडर नेमकं कुठल्या साइटचं, काही केल्या सापडेना. टॅब बंद करावा, तर काकूंच्या मालिका त्याच्यावरच.

पुढच्या रविवारी पुन्हा टॅब वाजला, 'समीर, मोठ्याचं बघायचंय.'

"कळलं रे बाबा, किती घाई!" काकू म्हणाल्या.

*

शेवटी काकूंनी ग्लासगोच्या एका डॉक्टर मुलीचा व्हिडिओ कॉल ठरवला. मुलगी चांगली, घर चांगलं, काकू खूश. समीरचा चेहरा उतरलेला. कॉलची वेळ होत आली, तसा तो किचनमध्ये जाऊन आईसमोर उभा राहिला. मी दारातच थांबलो. मला त्याची खरंच दया आली.

"आई, ते मोठ्याचं म्हणजे माझं नाही. म्हणजे बीफ. मी बीफ खातो."

काकू मटार सोलत होत्या, तशाच सोलत राहिल्या.

"माहितेय मला."

"कधीपासून?"

"आल्यापासून. मला नाक नाही का?"

"मग बायोडेटा कशाला मागवलेस?"

"तू लिहून दिलंस, मी कशाला सोडू? जा, शर्ट बदल. मुलगी वाट बघत असेल."

समीर शर्ट बदलायला वळला. तो दारापर्यंत पोचला तशी काकूंनी मागून हाक मारली.

"आणि मीठ जरा जास्त घालत जा त्यात."