हिरव्या गोंड्याची माळ

"पाहू द्या जरा," असं म्हणत नाना दागिना हातात घ्यायचे आणि अंगठ्याच्या नखाने खरवडायचे. गिलिटाची ठुशी असो, पितळी तोडे असोत, नाहीतर कुणाच्या मोडक्या माळेतला एकच मणी असो. खरवडायचं, दाराकडे उजेडात धरून पाहायचं, सुस्कारा टाकायचा आणि मग ती वस्तू मुकाट्याने विकत घ्यायची. त्या नखाचं पार वाटोळं झालं होतं. मधोमध चिरलेलं, कडेला काळं पडलेलं. धुळ्यात ज्यांनी त्यांना उतारवयात पाहिलं, त्यांना हे नख नक्की आठवत असेल. मी त्यांना त्याआधीपासून ओळखत होते. तेव्हा ते नख तुमच्या-माझ्या नखासारखंच होतं.

नाना मूळचे सोनार. सोन्यावर सरकारी निर्बंध आले आणि चांगल्या कसाचे दागिने घडवायलाच बंदी झाली, तेव्हा त्यांची भट्टी विझली. त्यांच्या जातभाईंपैकी कुणी भाजीची गाडी लावली, कुणी शिलाईचं मशीन घेतलं. नानांनी जुने कपडे आणि खोटे दागिने गोळा करून विकायचं काढलं. देवपुरात, पांझरेच्या पुलाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं बोळकांडीएवढं दुकान होतं. मारवाडी शेठाण्यांचे घागरे, वकिलांचे कोट, विटलेले शालू, फेटे, आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लटकणाऱ्या गिलिटाच्या माळा. लग्नाला भाड्याने न्या, नाहीतर विकत घ्या. जुने शालू जाळून जरीतली चांदी काढणारे लोक गावात होते, त्यात चार पैसेही होते. नाना त्या वाटेला गेले नाहीत. "कुणीतरी हौसेनं नेसलेलं असतं बाई, जाळवत नाही," म्हणायचे.

एकदा त्यांनी एका नवरदेवाला काळा कोट दिला. लग्नाला, मी शिकवायचे त्या शाळेचे हेडमास्तर हजर. अक्षता टाकायला म्हणून पुढे झाले आणि नवरदेवाच्या खिशावरचा शाईचा डाग पाहून जागीच थबकले. तो डाग त्यांच्या स्वतःच्या पेनचा होता. त्यांच्या बायकोने कोट परस्पर नानांना विकला होता आणि घरी 'धोब्याने हरवला' असं सांगितलं होतं. हेडमास्तरांनी अक्षता टाकल्या, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी नानांच्या दुकानात जाऊन उभे राहिले. नाना म्हणाले, "साहेब, कोट तुमच्यापेक्षा त्याला बरा दिसत होता." हेडमास्तर हसले, आणि गॅदरिंगची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे-दागिने, त्यांनी पुढेही नानांकडूनच आणायला लावली.

ते गॅदरिंग माझ्या गळ्यात पडलेलं. मी बाई मुळात तोंडाळ, आणि नाना हट्टी. आमचं दरवर्षी एकाच गोष्टीवरून वाजायचं. नाटकात राणी असायचीच, आणि राणीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ. ती एक विशिष्ट माळ होती, हिरव्या रेशमी गोंड्याची. नाना म्हणायचे, "ही माळ कुसुमच्याच गळ्यात घालीन. राणी दुसरी कुणी होणार असेल, तर माळ मिळायची नाही."

कुसुम ही आमच्या शाळेतली आईबाप नसलेली मुलगी, दोन काकांच्या घरात वाढत होती. स्वभावाने गरीब, आणि नाटकात म्हणाल तर लाकूड. राजा मेला तरी ती तशीच उभी राहायची. मी नानांना म्हटलं, "अहो, हिच्यापेक्षा तो माळ लटकवायचा खिळा बरा अभिनय करील." ते नुसते हसायचे. गॅदरिंगच्या संध्याकाळी स्वतः येऊन माळ तिच्या गळ्यात घालायचे, मागे गोंड्याची गाठ नीट करायचे आणि नाटक संपेपर्यंत विंगेत उभे राहायचे. मला वाटायचं, मूलबाळ नाही म्हणून पोरीचा लळा लागला असेल. मी वाद सोडून दिला.

कुसुमचं लग्न ठरलं ते ज्येष्ठातलं. त्या उन्हाळ्यात नाना मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळले होते, ऐन लग्नसराईत. दुकान त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, एकटीने सांभाळलं. लग्नाला नाना आले ते काठी टेकत. वऱ्हाडासाठी भाड्याने दिलेल्या फेट्यांची पेटी अक्कांनीच भरून पाठवली होती. वर तांबड्या फडक्यात ती माळ.

मंगलाष्टकांना अवकाश होता. नानांनी आचाऱ्याकडून निखाऱ्यांची शेगडी मागवली आणि मांडवात मधोमध ठेवायला लावली. सगळे पाहायला लागले. मग ते जे बोलले, ते ऐकून माझ्या हातातलं अक्षतांचं ताट कलंडलं.

"कुसुमच्या आजीची एक ठेव माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "सोनं बाळगायची भीती होती त्या वर्षी म्हातारीनं आपली पुतळ्यांची माळ माझ्याकडं आणली. लाखेत पितळेचा कीस कालवून मी तिच्यावर लेप दिला. खोटी दिसावी म्हणून. माळ घरी परत नेताना म्हातारी म्हणाली, घरात कुणाला सांगू नको, तुझ्या बायकोलाही नको, कुसुमच्या लग्नात तिच्या गळ्यात घाल. ती गेल्यावर या दोघा भावांनी तिचं जुनेर आणि गिलिटाचं किडूकमिडूक मला विकलं, त्यात माळ आली. एवढी वर्षं ती माझ्या दुकानात खिळ्याला होती. कुलुपातलं सगळे शोधतात, खिळ्यावरचं कुणी पाहत नाही."

मी सुन्न झाले. म्हणजे दरवर्षी माझ्या नाटकात ते लाकूड खऱ्या सोन्याने मढून उभं राहत होतं, आणि म्हणून हा माणूस विंगेत उभा असायचा. कुसुमच्या काकांचे चेहरे तर पाहण्यासारखे झाले होते. आईची माळ आपणच चार आण्याच्या भावाने विकली, हे त्यांना भर मांडवात कळत होतं.

नानांनी फडकं सोडलं आणि माळ उचलली. उचलली मात्र, त्यांचा चेहरा उतरला. मी समोरच होते, मी पाहिलं. तरी त्यांनी ती शेगडीवर धरली. लाख वितळणार, सोनं दिसणार म्हणून बायका पुढे सरसावल्या. काहीच वितळलं नाही. पुतळ्या काळ्या पडल्या, दोरा जळाला आणि हिरवा गोंडा निखाऱ्यांत पडून भुरकन पेटला. आत पितळच होतं.

"सोनारच तो," मोठे काका म्हणाले. "खाल्लं सोनं."

कुसुम खाली मान घालून बसली होती. भटजींनी घाई केली आणि लग्न लागलं. नाना काठी विसरून गेले, ती मी पोचवली.

मी गेले तेव्हा दुकानात अक्का भिंतीला टेकून रडत होत्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एरंडोलकडचा एक माणूस आला होता, कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला आलेला. लग्न होतं त्याचं, नवरीसाठी माळ हवी होती. सगळ्या माळा हातात धरून पाहिल्या आणि वजनदार वाटली म्हणून हिरव्या गोंड्याचीच मागत बसला. अक्कांनी ती विकली, पण शाळेची माळ विकली म्हणून नाना रागावतील, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी तिचा गोंडा काढून दुसरीला बांधला. "माले काय माहीत ती सोनानी शे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या माणसाचं गाव त्यांनी विचारलं नव्हतं. गिलिटाच्या गिऱ्हाइकाला गाव कोण विचारतं?

नाना बायकोवर रागावले नाहीत. मला म्हणाले, "उचलताक्षणी हाताला कळलं होतं, बाई. पण म्हटलं, तापानं हातच खोटा झाला असेल." त्या दिवसापासून त्यांचा हातावरचा विश्वास गेला आणि नख कामाला लागलं.

मग सुरू झालं ते फिरणं. एरंडोल, धरणगाव, पारोळा, जिथे बाजार तिथे नाना. घरोघर जाऊन विचारायचे, "जुनं गिलिटाचं काही आहे का?" लोक खोटं जुनं देऊन टाकायला एका पायावर तयार. त्यांच्या दुकानात मोडक्या माळांचा ढीग झाला. इकडे गल्लीत त्यांचं नाव खराब झालं ते झालंच. लोक फेटे भाड्याने न्यायचे आणि पाठ वळली की हसायचे. शाळेनेही ड्रेपरी जळगावहून मागवायला सुरुवात केली. मी भांडले, पण माझं कोण ऐकतो. मला नानांचा राग यायचा आणि गलबलूनही यायचं.

माझं माहेर एरंडोलचं. काही वर्षांनी आखाजीला गेले होते, तेव्हा आई सांगायला लागली. जवळच्या एका खेड्यात एका मजुराची बायको तापाने वारली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं. गळ्यातली माळ खोटीच होती, म्हणून काढली नाही, तशीच राहू दिली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले, तर राखेत सोन्याच्या पुतळ्या. "साध्वी होती गं," आई म्हणाली, "अंगावरच्या पितळेचं सोनं झालं. लोक दर्शनाला जातात."

दुसऱ्याच दिवशी मी धुळ्याला परतले आणि नानांना घेऊन त्या खेड्यात गेले.

कुडाचं घर. देव्हाऱ्यात पितळी ताटलीत पुतळ्या, त्यांच्यावर हळदकुंकू. काही वाकल्या होत्या, पण झगझगत होत्या. तो माणूस तरुणच होता. आम्हालाही दर्शनालाच आलेलं समजला. बाजूला सरून हात जोडून म्हणाला, "ती जित्ती व्हती तवय माले काहीच समजनं नही, बाई. रागे भरू, कधी हातबी उचलू. आते रोज पाया पडस."

नानांनी एक पुतळी उचलली. तिचा कान, दोरा ओवायची कडी, त्यांनीच कधीकाळी पुन्हा जोडला होता, ते नंतर मला म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी. आता बोलतील, आता बोलतील. त्यांचा अंगठा वर आला, पुतळीवर टेकला आणि तिथेच थांबला. खरवडलं नाही. त्यांनी पुतळी ताटलीत ठेवली, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

बैलगाडीच्या वाटेवर मी त्यांना धारेवर धरलं. "अहो नाना, इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलंत. एक शब्द बोलला असतात तर सुटला असतात."

"काय बोलू?" ते म्हणाले. "तुझी बायको साधीच होती, माळ खरी होती, असं सांगू त्याला?"

चार पावलं चालून तेच म्हणाले, "पण सोनं कुसुमचं आहे. सोडायला मी कोण? तुम्ही तिला सगळं सांगा. ती म्हणेल परत आणा, तर मी जाईन आणि आणीन."

कुसुम नाशिककडे दिली होती. मी बसने तिच्याकडे गेले, सगळं सांगितलं. ती पोर ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "म्हणजे मीसुद्धा त्यांना चोर..." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. माळेचं काय, ते काही बोलली नाही. मी हात हलवत परत आले. नानांनी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काहीच नाही." त्यांनी मान हलवली आणि फेट्यांच्या घड्या घालत बसले.

त्यानंतरच्या आखाजीला कुसुम माहेरी आली. काकांच्या घरी न जाता आधी नानांच्या दुकानासमोर उभी राहिली. दुपारची वेळ, गल्लीत झोके बांधलेले, झाडून सगळ्या लेकीबाळी जमलेल्या, ओट्याओट्यांवर बायका. तिचे मोठे काकाही समोर पानाच्या दुकानात होते. कुसुम वाकली, नानांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाना, राणीची माळ घाला ना. गॅदरिंगला घालायचात तशी."

नाना खिळ्यांकडे पाहत राहिले. मग एक गिलिटाची माळ काढली. अक्का आतून हिरवा दोरा घेऊन आल्या. नानांनी तिच्या गळ्यात माळ घातली, मागे गाठ मारायला लागले, पण ती काही केल्या बसेना. ती शेवटी मी मारली.

"ती तिकडची माळ..." नाना पुटपुटले.

"राहू द्या तिच्याकडे," कुसुम म्हणाली.

त्या लाकडाला मी नाटकात कधीच बोलतं करू शकले नव्हते. मी तिथेच ओट्यावर बसून रडले, सांगायला लाज कसली.

नाना पुढच्या थंडीत गेले. खेड्यातल्या पुतळ्यांबद्दल त्यांनी गल्लीत कुणालाही सांगितलं नाही, मीही त्या गावाचं नाव इथे सांगणार नाही. त्यांना न्यायच्या आधी अक्कांनी मला जवळ बोलावलं आणि त्यांचा हात उचलून माझ्यासमोर धरला. मला आधी कळलंच नाही, काय दाखवताहेत. मग दिसलं. अंगठ्याचं नख पूर्ण वाढलं होतं, गुलाबी, स्वच्छ, कुठे चीर नाही.