रिकाम्या मागाचा ठेका

प्रवासवर्णन लिहायला माणूस कुठेतरी लांब जाऊन आलेला असावा आणि तिथलं त्याला काही कळलेलंही असावं. मी फक्त नागपूरला जाऊन आलो, आणि ज्या गोष्टीसाठी गेलो ती मला अजून पुरती समजलेली नाही. तरी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी कॉलेजातल्या पोराने काहीतरी द्यावं, असं गुरुजींचं म्हणणं पडलं. आपल्या वाडीत कॉलेजात जाणारा सध्या मी एकटाच, त्यामुळे सुटका नव्हती.

इचलकरंजीच्या होस्टेलवर माझ्या खोलीत निखिल राहतो. तो नागपूरजवळच्या उमरेडचा, कोष्ट्याचा मुलगा. विणकामाचं शिक्षण घ्यायला तो महाराष्ट्राच्या या टोकाला आला, पण त्याचं खरं लक्ष गाण्यांत. गाणी म्हणण्यात नव्हे, एकमेकांत मिसळण्यात. नागपुरात धरमपेठेत दर महिन्याला 'तुटका ठेका' नावाची क्लब नाइट होते, तिथे तो डीजे म्हणून वाजवतो. तिथल्या वर्षभराच्या वाजवण्यातलं उत्तम तेवढं निवडून एक अल्बम करायचा, असं त्याचं आणि तिथल्या मित्रांचं ठरलं होतं. तासाभराचा, मध्ये कुठेही न थांबणारा, एका गाण्यातून दुसऱ्यात शिरत जाणारा. मेच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "रविवारी पूर्ण अल्बम पहिल्यांदा लोकांसमोर वाजवून राहिलो. तू ये बे. बाबांनापण आणून राहिलो."

मी कधी क्लबात गेलो नव्हतो. आईला सांगताना 'मित्राच्या गाण्याचा कार्यक्रम' एवढंच सांगितलं. आईने कार्यक्रम भजनाचा समजून शर्टाला इस्त्री करून दिली.

कोल्हापूरहून गाडीत बसलो तो दुसऱ्या दिवशी नागपूर. अकोल्याच्या पुढे खिडकीतून येणारा वारा अंगाला पोळायला लागला. समोरच्या बाई मला म्हणाल्या, "कानाले रुमाल बांध बाबू. ऊन कानातून शिरते." मला वाटलं, थट्टा करताहेत. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि निमूटपणे रुमाल बांधला.

निखिल स्कूटर घेऊन आला होता. त्याने पहिल्यांदा नेलं ते तर्री-पोह्याच्या गाडीवर. तर्री म्हणजे हरभऱ्याच्या रश्शावर आलेला लाल तवंग. मी कोल्हापूरचा, तिखटाला काय घाबरायचं, म्हणून गाडीवाल्याला जास्त घालायला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग निखिलकडे.

"पाहुणा हाय का?" त्याने विचारलं.

"कोल्हापूरचा हाय."

"मंग पाणी आत्ताच देतो," म्हणत त्याने दोन ग्लास पुढ्यात ठेवले. ते मला लागले. आमच्या जिल्ह्याची लाज गेली, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

दुपारी एसटीने उमरेडला गेलो. वाटेत कोळशाचे ट्रक, त्यांच्या धुळीने करडी झालेली झाडं आणि मध्येच फुललेला एखादा लालभडक गुलमोहर. निखिलचं घर गल्लीच्या टोकाला आहे. पुढच्या खोलीतली निम्मी जागा हातमागाने व्यापलेली. विणकराने खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी पावड्या दाबायच्या. निखिलचे वडील, शंकरकाका, हल्ली गावातल्या कापडाच्या दुकानात नोकरी करतात. एखाद्या साडीची मागणी आली तरच माग चालतो. मी गेलो तेव्हा मागावर सूत नव्हतं आणि दोन्ही पावड्या एका चिंधीने एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही. परक्या घरी किती प्रश्न विचारावेत, हे मला कधीच उमगत नाही.

काकूंनी गोळाभात केला होता. डाळीचे तिखट गोळे भातात शिजवायचे आणि वरून कढत फोडणीचं तेल ओतायचं. मी दोनदा मागून घेतला. काकू काकांना म्हणाल्या, "पाहा, हा पोट्टा (मुलगा) जेवते तरी. आपला त कानात बोंडं (इअरफोन) घालून जेवते."

जेवणानंतर निखिलने मला बाहेर ओट्यावर नेलं. अल्बमच्या मधोमध त्यांच्या घरच्या मागाचा आवाज आहे, असं त्याने तेव्हा सांगितलं. बाबांना ते माहीत नव्हतं. उद्या त्यांना ऐकवायचं आणि अल्बमवर त्यांचं नाव टाकायची परवानगी मागायची, हा त्याचा बेत. "आमच्या गल्लीत आता एकच माग उरला," तो म्हणाला. "नाव त आलं पाहिजे ना बे त्यांचं."

"नाही म्हणाले तर?"

"काहून म्हणतीन? खूश होतीन ते."

रविवारी दुकानाला सुट्टी. काका पांढराशुभ्र सदरा घालून आमच्याबरोबर बसमध्ये बसले. कंडक्टर ओळखीचा निघाला.

"कुठी चालले शंकरराव, लग्न हाय का?"

"पोराचा प्रोग्राम हाय. नागपुरात."

"काय करते पोरगा?"

काकांनी निखिलकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाजा वाजवते." निखिल खिडकीबाहेर बघून हसत होता.

धरमपेठेतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर तो हॉल आहे. नाव नाइट, पण सुरू होते दुपारी चारला, कारण रात्रीची परवानगी मिळत नाही. पडदे ओढून अंधार करतात आणि चार कोपऱ्यांत चार कूलर घरघरत असतात. वाळ्याचा ओला वास आणि अंधार, एवढ्यानेच मला निम्मा कार्यक्रम आवडला होता. सगळं चालवते समीक्षा नावाची मुलगी. निखिलच्याच वयाची, पण सगळे तिला दबून असतात. तिने काकांना कूलरसमोरची खुर्ची दिली.

"काका, आवाज जास्त वाटला त सांगजा."

"सांगीन त कमी करशीन का?"

"नाही. पण कापूस देईन."

काका मोकळेपणाने हसले. मग ते सुरू झालं. ब्रेकबीट म्हणजे काय, हे मला जमेल तसं सांगतो. नेहमीच्या नाचाच्या गाण्यात ठोका ठरल्या जागी पडत राहतो. यात तो जिथे पडेल असं वाटतं तिथे पडत नाही, आणि आपण बेसावध झालो की पडतो. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं. पहिली दहा मिनिटं मी चुकत होतो. मग माझी मान आपोआप हलायला लागली. शेजारचा मुलगा म्हणाला, "आता समजून राहिलं भाऊले."

मधेच सगळे ढोल थांबले. खट, खटक, खट. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे गेल्याचा आवाज, मग तो धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका. तो मागच होता. हळूहळू त्याच्याखाली ढोल शिरले आणि पोरं ओरडायला लागली. काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे पाय जमिनीवर आळीपाळीने दाबले जात होते. हे त्यांच्या लक्षातही नसावं. निखिल वाजवता वाजवता त्यांच्याकडेच बघत होता.

संपल्यावर तो घामाघूम होऊन आला. काका त्याला म्हणाले, "माग आपला हाय ना गा?"

"आपलाच. आवडला?"

"लय साजरा (फार सुंदर) वाजला. कवा भरला हा आवाज?"

"जानेवारीत. तुम्ही दुकानात गेले होते. मीच बसलो."

"जानेवारीत त मागावर ताणा (उभं सूत) नव्हता."

"हो ना. म्हणून तर इतका साफ आला. सूत असलं की आवाज दबते, बाबा."

काकांचा चेहरा उतरला. "पावड्या सोडल्या तू?"

निखिलच्या तेव्हा लक्षात आलं. मला नंतर कळलं ते असं. त्यांच्या घरात रिकामा माग चालवत नाहीत. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तसंच. कापड उतरलं की पावड्या बांधायच्या आणि नवा ताणा चढवूनच सोडायच्या. निखिल हे लहानपणापासून पाहत आला होता. पण त्या दिवशी त्याला माग दिसला नव्हता, फक्त आवाज दिसला होता.

समीक्षा मध्ये पडली. "काका, आवाजच तर हाय. कोणाले काय समजणार?"

"कोणाले नाही समजणार," काका शांतपणे म्हणाले. "तुमचं काम हाय, तुम्ही करा. मी अडवून नाही राहिलो. फक्त तो माहा माग हाय म्हणून लिहू नका."

चिडले असते तर बरं झालं असतं. मग निखिलने समीक्षाला सांगितलं, "तो तुकडा काढ."

"काढ? सारा अल्बम त्याच्यावर उभा हाय. शुक्रवारी नेटवर टाकाले पाठवायचा हाय आपल्याले."

"नको पाठवू."

"सहा जणांची मेहनत हाय निखिल, तुह्या एकट्याची नाही."

ते दोघं भांडत राहिले आणि मी काकांबरोबर बसस्टँडवर आलो, कारण माझी पिशवी उमरेडलाच होती. बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि अशा वेळी मी नेहमी भलतंच बोलतो.

"काका, ताणा चढवायला काय लागतं?"

"सूत लागते. माणसं लागते, चार-सहा. गल्लीतले सारे येत होते पहिले. आता कोन येते?"

"मी थांबू का?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तू धागे तोडशीन, बाबू." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण त्याचं ते, मधीच थांबून पुन्हा पकडते ना, ते साजरं हाय. कोनं शिकवलं त्याले?"

"कुणी नाही. स्वतःच शिकला."

"हं," काका म्हणाले आणि उमरेड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. स्टेशनवर निखिल आला, तेव्हा काकांचं बसमधलं बोलणं मी त्याला सांगितलं. शुक्रवार गेला, अल्बम पाठवला गेला नाही. समीक्षा त्याच्याशी बोलत नाही, एवढं कळलं.

जुलैत तो होस्टेलवर आला तेव्हा पुढचं सांगितलं. ताण्याला माणसं मिळत नाहीत, असा निखिलचा निरोप गेल्यावर जूनमधल्या एका रविवारी समीक्षा 'तुटका ठेका'च्या बाकीच्या चार पोट्ट्यांना घेऊन उमरेडच्या घरी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, माणसं आणली. सूत कुठी हाय?" त्यांनी दिवसभर ताणा धरला, बराचसा गुंतवला, काकांची बोलणी खाल्ली. काकूंनी सगळ्यांना जेवू घातलं. काकांनी पावड्या सोडल्या, विणायला बसले आणि समीक्षाने आवाज भरून घेतला. पहिल्याइतका साफ नाही, जरा जाड आणि मऊ आहे. काकांनी नाव टाकायलाही हो म्हटलं. अट एकच घातली. मागावरचं कापड अर्धवट असताना त्याचं काही बाहेर द्यायचं नाही. साडी पुरी होऊन उतरेल, तेव्हाच अल्बम लोकांना द्यायचा.

काका विणणार दुकानातून आल्यावर, रोज थोडंथोडं. मध्ये काकांना ताप आला. मध्ये सूत संपलं. नागपूरची मंडळी काकूंना फोन करून 'कुठवर आलं' विचारू लागली. निखिल मात्र एकदाही विचारत नसे. मला आपलं वाटतं की प्रवासाला गेलेला माणूस परत येतो तेव्हा तिथलं काहीतरी चालूच राहिलेलं असतं, आणि तो अर्धा तिकडेच असतो. मला इथे बसून रोज त्या साडीची काळजी वाटायची.

काल दुपारी वर्गात निखिलचा फोन थरथरला. त्याने बाकाखाली पाहिलं आणि तो माझ्याकडे सरकवला. काकांचा संदेश होता. ते कधी लिहीत नाहीत, एरवी फोनच करतात. दोनच शब्द होते.

"कापड उतरलं."