उगवतीकडच्या फांद्या

अक्कांच्या हातात काहीही दिलं की ते आधी नाकाशी जायचं. मोहाचं फूल तर जायचंच, पण नवं पोतं, एसटीचं तिकीट, बँकेचं पासबुक, सगळ्याची तपासणी नाकाने. पहिल्या भेटीत मी आमच्या संस्थेचं माहितीपत्रक त्यांच्या हातात ठेवलं. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते उलटसुलट करून हुंगलं आणि परत दिलं. "नुसता शाईना वास शे," म्हणाल्या. जळगावच्या ऑफिसातून दोन बस बदलून, उरलेला रस्ता केळीच्या ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी करून घेत मी त्या पाड्यावर पोचले होते. मला राग आला. पुढे बरीच वर्षं आम्ही एकत्र काम केलं, आणि आमच्या संस्थेवर इतका नेमका शेरा दुसऱ्या कुणी मारल्याचं मला आठवत नाही.

रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कांचं माहेर. नवरा गेल्यावर त्या परत आल्या आणि भावाच्या शेताला लागून कुडाची एक खोली बांधून राहिल्या. शेताच्या बांधावर मोहाचं एक जुनं, दांडगं झाड होतं. वडिलांनी जाण्यापूर्वी सांगून ठेवलं होतं, उगवतीकडच्या फांद्या अक्काच्या, मावळतीकडच्या भावाच्या. कागद नाही, अंगठा नाही. चैत्रात पहाटे फुलं टपटपू लागली की बहीण-भाऊ आपापल्या बाजूला बसून वेचायचे. वाऱ्याने फूल पलीकडे गेलं तर ते पलीकडच्याचं. त्यावरून दोघं एकमेकांना चिडवायचे, भांडले मात्र कधीच नाहीत.

मोह वेचायचा तर आधी झाडाखालचा पाचोळा जाळायचा, म्हणजे फुलं दिसतात, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जळालेल्या मातीत पडलेलं फूल खरखरीत होतं, आणि आग कधी कधी बांध ओलांडून पुढेही जाते. अक्कांनी एका वर्षी आपली दोन जुनी लुगडी एकमेकांना शिवली आणि चार बांबू रोवून झाडाखाली ताणून बांधली. फुलं अलगद कापडात पडू लागली. पाडा हसला. अक्कांनी मोहाला पाळणा बांधला म्हणे! पुढच्या चैत्रात प्रत्येक झाडाखाली कुणाच्या ना कुणाच्या बायकोचं लुगडं ताणलेलं होतं. आमच्या संस्थेने त्याला 'नवकल्पना' असं नाव दिलं, तेव्हा अक्का खो-खो हसल्या. "कल्पना कसानी? मनी कंबर दुखे!"

त्या स्वच्छ फुलांवर आम्ही बायकांचा गट उभा केला. फुलं वाळवायची, भाजायची, शेंगदाणे आणि तीळ घालून लाडू वळायचे. पायथ्याच्या गावात एक केंद्र काढलं. तिथे येणारी प्रत्येक टोपली अक्का हुंगायच्या. जरा आंबूस वास आला की परत. एकदा सख्ख्या भावाची टोपली त्यांनी परत पाठवली होती आणि तो बिचारा मान खाली घालून घरी गेला होता. याआधी सगळा मोह बाजारातला व्यापारी उचलायचा आणि तो भट्टीवर जायचा. त्याची अक्कांना मनस्वी चीड होती. "मोह म्हटा म्हंजे लोकेसले बाटलीच दिसस," त्या म्हणायच्या. "मना मोह पोरेसना पोटमा जावाले जोयजे." लाडवाच्या पाकिटावर आम्ही अक्कांचाच फोटो छापला. डोळे मिटलेले, नाकाशी फूल. फोटो फार सुंदर आला होता.

मग शहरातली एक मोठी कंपनी लाडू घ्यायला तयार झाली. तिची अट एकच होती, फूल कुठल्या झाडाचं हे कळलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येक नंबरचा फॉर्म. त्या फॉर्मवर झाडाच्या मालकाचं नाव लिहायला एकच ओळ होती. हातात रंगाचा डबा घेऊन मी पाडाभर हिंडले. काय तो उत्साह माझा! अक्कांच्या झाडापाशी आले तेव्हा दोघं बहीण-भाऊ तिथेच होते. मी विचारलं, "नाव कुणाचं लिहू?" वाटणी मला चांगली ठाऊक होती. अक्का चटकन म्हणाल्या, "भाऊनंच नाव लिख. तो काय माले नई म्हनी का?"

भाऊ समोर उभा असताना बहिणीने आपलं नाव पुढे करायचं, हे आमच्याकडे कुठल्याच घरात बसत नाही. माझ्या आईनेही शिंदखेड्याच्या शेतीवरचा हक्क असाच हसत हसत मामाच्या नावे सोडला होता, आणि त्याबद्दल कॉलेजात मी तावातावाने भाषण केलं होतं. त्या दिवशी मात्र मला संध्याकाळच्या बसची घाई होती. फॉर्मची ओळ एक आणि अक्का स्वतःच सांगताहेत, मग अडलं कुठे? मी भावाचं नाव लिहिलं. अक्कांनी फॉर्म हुंगला आणि म्हणाल्या, "तुना कागदले नाक नई." मी हसले. अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात भाऊ तापाने गेला. झाड कागदावर त्याच्या मुलाच्या नावे झालं, तेही माझ्याच सहीने. मुलगा वाईट नव्हता. अक्कांना तो 'फुई' म्हणायचा, म्हणजे आत्या. चैत्र आला तेव्हा तो इतकंच म्हणाला, "फुई, तू फुलं वेच ना बापा. पन आमना नंबरवर केंद्रात नको टाकू. झाड आमना नावनं शे." त्याने झाडाखाली संस्थेची नायलॉनची जाळी बांधली. अक्कांचं लुगडं सोडून, नीट घडी घालून त्यांच्या दारात ठेवलं.

त्या आठवड्यात कंपनीचा तपासनीस केंद्रावर आला होता. मी त्याला वह्या दाखवत होते आणि अक्का नेहमीसारख्या टोपली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. वजनकाट्यापाशी बसलेल्या सुनीताला सगळं काम अक्कांनीच शिकवलं होतं. तिने नंबर विचारला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तपासनीसही माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागे भिंतीवर अक्कांचा फोटो होता. मी म्हणाले, "अक्का, नंबराशिवाय घेता येणार नाही." माझा आवाज अगदी ऑफिसातला निघाला. टोपलीतलं एक फूल उचलून अक्कांनी माझ्या नाकाशी धरलं. ताजं, गोड, कुठेही आंबूस नाही. मग टोपली डोक्यावर घेऊन त्या निघून गेल्या.

त्यानंतर मी ऑफिसात भांडले, हे सांगताना मला बिलकूल अभिमान वाटत नाही. भांडायला उशीर झाला होता. महिनाभर डोकं फोडून मी फॉर्मवर दुसरी ओळ मिळवली, 'झाडात आणखी कुणाचा वाटा'. पहिला दुरुस्त फॉर्म अक्कांचाच. तो आणि लाडवाचं नवं पाकीट घेऊन मी बाजाराच्या दिवशी त्यांना शोधत गेले. अक्का सापडल्या त्या जुन्या व्यापाऱ्याच्या दुकानासमोर. टोपली रिकामी होती. उगवतीकडचा मोह आत, भट्टीवर जाणाऱ्या पोत्यांत ओतून झाला होता.

मी तिथेच रस्त्यावर बसले आणि फॉर्म उलगडला. म्हटलं, "इथे अंगठा द्या. अर्धं झाड तुमचं होईल. भाच्याशी मी बोलते." अक्कांनी फॉर्म हातात घेतला. या वेळी हुंगला नाही.

"झाड भेटी," त्या म्हणाल्या, "पन माहेर जाई. आते मना दुसरं कोन शे, सांग बरं?"

भाच्याचं घर हे त्यांचं शेवटचं दार होतं. आजारी पडल्या तर पाणी द्यायला तोच, आणि पुढे खांदा द्यायलाही तोच. मी तेव्हाच, त्या झाडाखाली, दोन नावं लिहिली असती तर भावाच्या समोर ती राहिली असती आणि कुणालाच टोचली नसती. आता त्याच नावाने घर फुटणार होतं. फॉर्मची घडी घालताना मी रडले. अक्काच मला चहाला घेऊन गेल्या.

ती नोकरी मी सोडली नाही. आता प्रत्येक झाडापाशी मी आधी विचारते, 'आणखी कुणाचं?', आणि बाई गप्प राहिली तर बस चुकू देते. एवढं अक्कांकडून शिकले, पण त्यांच्याच झाडापाशी शिकायला हवं होतं.

त्या दिवशी चहा पिताना मी त्यांच्यापुढे लाडवाचं पाकीट ठेवलं. अक्कांनी आधी आपलाच फोटो निरखला. मग पाकीट फोडलं, लाडू नाकाशी नेला, डोळे मिटले, अगदी फोटोतल्यासारखे. आणि लाडू न खाता माझ्या हातात परत दिला.

"चांगला शे," म्हणाल्या. "पन यामा मना मोह नई."